त्या डोंगरावर टाकं नव्हतं

बाई, तुमच्याशी भांडायचं आहे म्हणून लिहायला बसलो. तुम्ही असतात तर एवढ्यावरच म्हणाला असतात, "आधी चपला बाहेर काढ, मग भांड." शाळेमागच्या तुमच्या त्या दोन खोल्या, स्टोव्हचा फरफर आवाज, त्याच्या शेजारचा पाट. ज्याचं काही बिनसलेलं असेल त्याला तुम्ही त्या पाटावर बसवायचात, हातात पितळी पेल्यातून चहा द्यायचात आणि पेला संपेपर्यंत एक अक्षर बोलू द्यायचा नाहीत. पेला इतका तापलेला असायचा की संपेपर्यंत अर्धा राग उतरायचा. ती तुमची युक्ती होती हे मला फार उशिरा कळलं. इथे पाट नाही, पितळी पेला नाही. मी फिनिक्स नावाच्या गावात एका मोटेलच्या काउंटरमागे उंच स्टुलावर बसलोय, दुपार आहे, बाहेर डांबर मऊ झालंय आणि राग उतरायचं काही साधन हाताशी नाही. मालक गुजराती आहेत, त्यांना मी भाई म्हणतो. ते मागच्या खोलीत झोपलेत. या वेळी कोणी गिऱ्हाईक येत नाही. काचेच्या दारातून समोर तो डोंगर दिसतो. भाजलेल्या विटेच्या रंगाचा. झाड म्हणावं असं त्याच्यावर काही नाही. रोज दिसतो. स्टूल फिरवून पाठ करून बसलो तर खोल्यांच्या किल्ल्या टांगलेल्या फळ्याच्या काचेत दिसतो.

तुम्ही मला ओळखाल की नाही कोण जाणे. दहावी पास झालो तेव्हा तुम्ही शेवटचं नीट बघितलंत. पुढच्या वर्षी तुम्ही काविळीनं गेलात. तुमच्या भूगोलाच्या तासाला बाक आपटणारा मुलगा, तो मी. पुढे इंजिनिअर झालो, एमएस करायला इथे आलो आणि ते अर्ध्यावर सोडलं. प्रोफेसरनं सगळ्या लॅबसमोर माझे आकडे वाचून दाखवले आणि म्हणाला, तुमच्याकडे हे असं चालत असेल. मी लॅबच्या चाव्या त्याच्या टेबलावर ठेवल्या आणि बाहेर उन्हात आलो. पुढे सगळ्यांना मी हेच सांगितलं आणि ते खरंच आहे. पण त्या दिवसांत माझे आकडे चुकतच होते, बाई. मला एका मुलीशिवाय काही सुचत नव्हतं.

इथे एक काका-काकू होते. काका पुण्याचे, वीस-एक वर्षांपूर्वी आलेले, इलेक्ट्रॉनिक्सच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. गणपतीला, दिवाळीला आम्हा विद्यार्थ्यांना घरी बोलवायचे. काकू डब्यात भरून पोळ्या द्यायच्या. ती त्यांची मुलगी. दोन वर्षांची असताना इथे आली, त्यामुळे मराठी कळायचं सगळं पण उत्तर इंग्रजीत. चिडली की मात्र मराठीत. मला पहिल्यांदा ती "नाटक नको करू" म्हणाली तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी आणखी थोडं नाटक केलं. तिची एक जुनी निळी गाडी होती, तिचा एसी बंद. ती मला मोटेलवर न्यायला यायची, आम्ही काचा खाली करून गरम वाऱ्यात गावाबाहेर जायचो आणि त्या हात वर केलेल्या उंच निवडुंगांमध्ये गाडी लावून बसायचो. ती म्हणायची, हे निवडुंग शंभर वर्षांचे असतात, पाणी साठवून ठेवतात आतमध्ये. मी म्हणायचो, माझ्या बाई बघायला हव्या होत्या, त्यांनी यांना पहिला नंबर दिला असता. मग तिला तुमची गोष्ट सांगायचो.

तुमची गोष्ट म्हणजे वॉटरबॅगची. साडीखाली कॅनव्हासचे बूट, पदर खोचलेला, हातात बांबूची काठी, आणि मागे आम्ही वीस-पंचवीस पोरं. आठवडाभर फळ्यावर नकाशा, रविवारी किल्ला. चढताना पाणी प्यायचं नाही, पोटात टोचतं. फार तर तोंड ओलं करायचं. वर टाकं असतं, तिथं हवं तेवढं प्या. आणि माथ्यावर पोचलो की तुम्ही आम्हाला दरवाजाशी ओळीनं उभं करायचात. "दाखवा." सगळे वॉटरबॅगा डोक्यावर धरायचे. तुम्ही एकेक हलवून बघायचात. जिची सगळ्यात भरलेली, त्या पोरानं पुढं व्हायचं आणि ते पाणी दरवाजातल्या मारुतीला घालायचं. शेंदरावरनं पाणी ओघळायचं, बाकीचे कोरड्या तोंडानं बघत उभे असायचे, आणि मगच सगळ्यांनी टाक्याकडे धावायचं. मी घाटात ओठ चावत चढायचो. मला देवाचं काही नव्हतं, बाई. त्या वीस जणांनी माझ्याकडे बघावं एवढंच होतं. दहावीच्या निकालादिवशी तुम्ही मला तुमच्या फौजी भावाची अॅल्युमिनियमची बाटली दिलीत, खाकी लोकरी कव्हरची. "कव्हर भिजवून घे, पाणी गार राहतं," म्हणालात. ती घेऊन मी अमेरिकेला आलो. पोचल्यावर रूममेट हसला होता, लढाईला आलायस का म्हणून.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. जून होता, म्हणजे इथला सगळ्यात तापलेला महिना. मी काकांना फोन करून सांगितलं, मला तुमच्याशी बोलायचंय. ते म्हणाले, काय बोलायचंय ते माहितीये मला, घरात नको, रविवारी डोंगरावर चल. मला वाटलं, जिंकलं. डोंगर म्हणजे माझं मैदान. काकाही पुण्यात असताना दर आठवड्याला किल्ल्यावर जाणारे, त्यांच्या दिवाणखान्यात एका बुरुजाचा फोटो होता. भल्या पहाटे निघायचं ठरलं होतं. पण काकूंनी पोहे केले. "पोह्यांशिवाय कोणी कुठे जायचं नाही. मग चहा. मग जा कुठे जायचं ते." निघेपर्यंत ऊन अंगणात आलं होतं. ती बाहेर येऊन गाडीच्या डिकीत पाण्याचे दोन मोठे जग ठेवत होती.

"बाबा, टेक द वॉटर. दोन्ही. प्लीज."

"अगं, डोंगर चढायचाय आम्हाला. पाणपोई नाही घालायची."

"इट्स जून, बाबा."

"जूनच आहे ना? मे तर गेला." काका माझ्याकडे बघून हसले. मी पण हसलो.

तिनं माझ्याकडे बघितलं. "तू तरी घे. नाटक नको."

मी माझी खाकी बाटली वर करून दाखवली. ती मान हलवून आत गेली. ते जग डिकीत गेले आणि डिकीतच राहिले.

पायवाट सुरू होते तिथे एक बोर्ड आहे. त्याच्यावर मोठा सूर्य काढलाय आणि खाली लिहिलंय की पाणी भरपूर न्या, प्या, तहान लागायची वाट बघू नका. काकांनी तो मोठ्यानं वाचला, मास्तर धडा वाचतात तसा, आणि म्हणाले, "यांना दर पावलाला पाणी लागतं. सवय नसते." मीही तसंच काहीतरी बोललो. दोघांकडे एकेक बाटली. त्यांची त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत, माझी कमरेला.

चढ फार नव्हता, बाई. आपल्याकडच्या कुठल्याही किल्ल्याच्या मानानं काहीच नाही. पण सावली नाही. आपल्याकडे निदान एखादी करवंदाची जाळी, एखादं कातळाचं पोट असतं. इथे दगड वरून तापतो आणि खालूनही. घाम दिसतच नाही, येतो आणि उडून जातो, अंगावर नुसतं मीठ राहतं. म्हणजे आपल्याला काही होतंय हे कळायलाही मार्ग नाही. काकांनी पहिलं वळण ओलांडलं. मग म्हणाले,

"एमएस का सोडलंस?"

"प्रोफेसरशी पटलं नाही."

"म्हणजे भांडलास."

"हो."

"चूक कोणाची होती?"

"त्यांची."

"अर्थात," काका म्हणाले. थोडं चालले. "आणि उद्या माझ्या मुलीशी पटलं नाही, तर? चाव्या टेबलावर ठेवून बाहेर पडशील?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पाय उचलले आणि झपाझप पुढे गेलो, वळणावर जाऊन उभा राहिलो. तुम्ही असतात तर कान पिरगाळला असतात. काका पन्नाशीच्या पुढचे, पण मागून आले ते धाप न लागता आले. खांद्यावर हात ठेवला. "वैतागू नकोस. बापाचं काम करतोय मी. तिला हे विचारता येत नाही म्हणून मी विचारतोय." मग मला विचारलं, व्हिसाचं काय करणार, मोटेलमध्ये किती दिवस, आईवडलांना कळवलंस का. मी खरं खरं सांगत गेलो. एकाही प्रश्नाचं माझं उत्तर चांगलं नव्हतं. आणि या सगळ्यात एक गोष्ट चालू होती जी आम्ही दोघंही बोललो नाही. ते पाणी पितात का, हे मी बघत होतो. मी पितो का, हे ते बघत होते. थांबलो की ते मुद्दाम बुटाची नाडी बांधायचे, मी मुद्दाम निवडुंगाकडे बघायचो. बाटलीला कोणी हात लावला नाही.

माथ्यावर आलो तेव्हा सगळं शहर खाली होतं. सरळ रेघांचं, पट्टीनं आखल्यासारखं. आणि प्रत्येक घराच्या मागे एक निळा चौकोन. पोहायचे तलाव, बाई, घरटी एक. शेकडो निळे चौकोन उन्हात चकाकत होते. काका बघत राहिले. "पाणी बघ किती," म्हणाले. तेव्हाच त्यांचे ओठ पांढरे पडले होते, पण माझेही पडले असतील. मला मात्र फार छान वाटत होतं. मी त्यांना तुमची गोष्ट सांगितली. ओळीत उभं करणं, बाटल्या डोक्यावर धरणं, मारुतीला पाणी. काका लहान मुलासारखे खूश झाले. "आमच्याकडे एक मास्तर होते, शेवटी पोचेल त्याला सगळ्यांचे डबे उचलायला लावायचे. तुझ्या बाई बऱ्या. चल, दाखव."

मी बाटली काढून डोक्यावर धरली. त्यांनी ती तुमच्यासारखीच हलवून बघितली. सकाळी भरली होती तेवढीच, गळ्यापासून दोन बोटं कमी. मग त्यांनी आपल्या पिशवीत हात घातला. आतल्या आत आपली बाटली चाचपली. बाहेर काढली नाही. हात तसाच रिकामा बाहेर आला.

"हरलो बुवा. घाल, तूच घाल पाणी."

"इथं मारुती कुठंय?"

"हा काय." त्यांनी एका गोल धोंड्यावर थाप मारली. "शेंदूर लावायचा राहिलाय फक्त."

आणि मी ओतलं, बाई. चूळभर नाही, सगळं. मला वाटलं, हा माणूस बघतोय, आता हात आखडायचा नाही. दगडावर पाणी पडलं आणि खाली ओघळायच्या आत सुकलं. काळा डाग पडला, तो बघता बघता कडेनं आत आत सरकत गेला आणि दिसेनासा झाला. काकांनी हात जोडले, थट्टेनं की खरंच ते कळलं नाही. मी बाटली झटकून झाकण लावलं आणि म्हणालो, "काका, मग?"

"काय मग?"

"तुम्ही काही सांगितलं नाहीत."

"खाली गेल्यावर सांगतो. इथे सांगितलं तर एक तर तू आनंदानं उडी मारशील, नाहीतर मला ढकलशील."

उतरताना ते पुढे, मी मागे. ते गप्प झाले होते. मला वाटलं विचार करतायत, उत्तराचा. मी त्यांच्या पाठीकडे बघून ओळखायचा प्रयत्न करत होतो की हो आहे की नाही. एका ठिकाणी वाट फुटते. आम्ही उजवीकडून आलो होतो हे मला पक्कं माहीत होतं. काका डावीकडे वळले. मी म्हणालो, "काका, इकडून." ते म्हणाले, "टाकं इकडे आहे." मी हसलो. मला वाटलं माझ्या गोष्टीवरून चेष्टा करतायत. पुन्हा म्हणालो, "काका, वाट उजवीकडे आहे." त्यांनी वळून बघितलं नाही. "पायऱ्या लागतील आता." आणि मी त्यांच्या मागे गेलो. दुसरा कोणी असता तर दंड धरून ओढला असता. पण ज्याच्या मुलीला मागणी घालायला आलोय, त्याला तिसऱ्यांदा कसं टोकायचं? एरवी मी कुणाचं ऐकून घेत नाही. त्या एका दिवशी मी शहाण्या मुलासारखा वागलो.

ती घळ होती. दोन्ही बाजूंनी कातळ, खाली तापलेली वाळू, मध्ये हिरव्या खोडाचं एक काटेरी झाड. त्याच्या सावलीत काका बसले. बसले म्हणजे गुडघेच गेले. त्यांचा चेहरा लालभडक आणि कोरडा. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. म्हणालो, "काका, पाणी घ्या." त्यांनी पिशवीतनं बाटली काढली आणि माझ्याच हातात दिली.

"तू घे आधी. तुझं तू देवाला दिलंस."

बाटली हातात आली आणि जड लागली. काठोकाठ होती. बूच घट्ट, उघडलेलंच नव्हतं. म्हणजे वर पिशवीत त्यांनी जी चाचपली ती ही. हरलो बुवा म्हणाले ती ही. मला ते कळलं आणि मग तर माझ्या घशाखाली पाणी जाणंच शक्य नव्हतं. मी म्हणालो, "नाही काका, तुम्ही घ्या." ते म्हणाले, "अरे घे रे." मी बूच काढलं, बाटली ओठाला लावली, घसा हलवला आणि प्यायलो नाही. परत दिली. "घेतलं मी. आता तुम्ही." त्यांनीही बाटली तोंडाला लावली. त्यांचा घसा हलला. खाली ठेवली आणि हातानं तोंड पुसलं. "आता तू." बाई, आपल्याकडे पंगतीत शेवटची पोळी जशी फिरते ना, तशी ती बाटली आमच्यामध्ये फिरली. तुम्ही घ्या, नाही तू घे, माझी शपथ आहे, अहो खरंच घेतलं. हवेत भट्टी लागली होती आणि आम्ही दोघं एकमेकांना वाढत होतो.

मग ते मला दादा म्हणायला लागले. "दादा, आईला सांगू नकोस हं आपण इकडे आलो ते." मी म्हणालो, "काका, मी आहे." ते म्हणाले, "टाक्यावर शेवाळ आहे, घसरशील." तेव्हा मी ओरडलो. त्यांची मान धरून पाणी तोंडात ओतायला गेलो. दात घट्ट मिटलेले, घोटभर पाणी हनुवटीवरून ओघळलं. बूच लावून बाटली त्यांच्या मांडीत ठेवली आणि घळीतून वर धावलो. ते पाणी त्यांच्या डोक्यावर ओतावं हे मला सुचलं नाही. प्यायचं पाणी डोक्यावर ओतायचं, हे माझ्या डोक्यात येणारच नव्हतं. मुख्य वाटेवर एक म्हातारं गोरं जोडपं उतरत होतं, मोठ्या हॅटा, पाठीवर पाण्याच्या पिशव्या. तो माणूस खाली फोन करायला पळाला. ती बाई माझ्यामागे घळीत आली. तिनं काकांना काही विचारलं नाही, घ्या म्हटलं नाही. आपलं सगळं पाणी त्यांच्या डोक्यावर, मानेवर, छातीवर ओतलं आणि हॅटनं वारा घालत राहिली. मग मला वळून म्हणाली, ड्रिंक. मी प्यायलो. हेलिकॉप्टर आलं. संध्याकाळी काका हॉस्पिटलमध्येच वारले.

मला बाजूच्या खोलीत सलाइन लावलं होतं. ते संपल्यावर बाहेर आलो. काकू बाकावर बसल्या होत्या, हातात काकांचा चष्मा. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काही खाल्लंस का?" एवढंच. मला वाटलं त्यांनी मला मारायला हवं होतं. ती भिंतीला टेकून उभी होती. नर्सनं तिला प्लॅस्टिकच्या पिशवीत सामान दिलं होतं, किल्ल्या, पाकीट, बाटली. तिनं बाटली बाहेर काढली. बूच फिरवलं आणि पाणी तिच्या बोटांवर सांडलं, अजून इतकी भरलेली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, नुसत्या पाण्यानं वाचलेच असते असं नाही, ऊन आत गेलं होतं. पण ती डॉक्टरांचं ऐकत नव्हती. ओल्या बोटांकडे बघत होती.

"यू हॅड वॉटर," ती म्हणाली. "व्हाय डिडन्ट यू गाइज ड्रिंक?"

मी तोंड उघडलं. मारुती, तुम्ही, ओळीत उभी पोरं, काठोकाठ बाटली, घे रे, नाही तुम्ही घ्या. यातलं काय सांगायचं? माझ्या तोंडून निघालं, "वी वेअर बीइंग पोलाइट."

तिनं तो शब्द एकदा परत म्हटला. पोलाइट. मग बूच लावलं, नीट, घट्ट होईपर्यंत फिरवलं, आणि काकूंजवळ जाऊन बसली. चिडली असती तर मराठीत बोलली असती. दिवसकार्यं झाल्यावर त्या दोघी दुसऱ्या राज्यात, सनीव्हेलला तिच्या मावशीकडे गेल्या. घर विकलं. मी तीनदा फोन केला, मावशींनी तिन्ही वेळा सांगितलं, ती बाहेर गेलीये. तिसऱ्या वेळी म्हणाल्या, "तू चांगला मुलगा आहेस रे, पण आता नको."

म्हणून तुमच्याशी भांडण आहे. बाई, वर टाकं असतं हे तुम्ही आम्हाला सांगितलंत. नसलं तर काय करायचं ते का नाही सांगितलंत? इतकी वर्षं नकाशे शिकवलेत, वाळवंट म्हणजे पिवळा रंग, पाऊस अमुक इंच, पाठ करून घेतलंत. पिवळ्या रंगात उभं राहिल्यावर वॉटरबॅगचं काय करायचं हे कुठल्या धड्यात होतं?

हे लिहिलं आणि तो एक दिवस आठवला. आठवायला नको होता. सातवीतली एक बारीक मुलगी मागे राहिली होती. आम्ही वर ओळीत, माझी बाटली पहिली आली होती, मी मारुतीपुढे जाऊन हात उचलला आणि तुम्ही मनगट धरलंत. "थांब. खाली बघ कोण राहिलंय." मी म्हणालो, पण नंबर माझा आहे. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "पाणी राखायला सांगते ते तुझ्या नंबरासाठी? ते मागे राहिलेल्याला द्यायला. देवाला चूळभर पुष्कळ झालं. जा, पाज तिला." मी गेलो, पाजलं, आणि वर येऊन दिवसभर तुमच्याशी बोललो नाही. तिचं पाणी पिणं मला अजून दिसतं. एकदाही "तू घे" म्हणाली नाही. दोन्ही हातांनी बाटली धरून घटाघटा प्यायली.

तर तुम्ही सांगितलं होतंत. बरं. पण ते एकदा सांगितलंत, बाई. आणि बक्षीस दर रविवारी ठेवलंत. पोरांच्या लक्षात काय राहणार होतं?

काकांचं उत्तर काय होतं ते मला कळणार नाही. कधी वाटतं, पिशवीत हात घालून तो रिकामा बाहेर काढला, तेच उत्तर, म्हणजे हो. कधी वाटतं, ती नुसती जुन्या डोंगरवाल्याची रीत, समोरच्या पोराला जिंकू द्यायची. खाली येऊन ते नाहीच म्हणणार होते, आणि नाही म्हणायचंय म्हणून वर जिंकू दिलं. हे तिला मी सांगितलेलं नाही. सांगून तिचं काय होणार.

भाई मागे उठलेत, नळाचा आवाज येतोय. ड्रॉवरमध्ये गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली पोस्टाची तिकिटं आहेत. तुमच्या खोल्यांत आता दुसरं कोणीतरी राहत असेल, त्यांना हे वाचून काय कळणार. कागद ड्रॉवरमध्येच राहतील. दाराशी बर्फाचं मशीन आहे, फुकट आहे, दिवसभर घरघरतं. तुमची खाकी बाटली काउंटरवर माझ्या कोपरापाशी आहे. सकाळी कव्हर भिजवून भरून ठेवली होती, आता कव्हर सुकलंय. तुमच्या त्या स्टोव्हबद्दल लिहीत होतो तेव्हापासून मला तहान लागलीय. आणि इतकं सगळं लिहून झाल्यावरही, बाई, मनात हेच चाललंय की हे पान पुरं करू, मग पिऊ.